पेटवायचा मान

आमच्या घरी गॅसवरचा बार्बेक्यू आला तेव्हा त्याच्यासोबत एक जाडसर माहितीपुस्तिका आली, आणि ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी घरात मी एकटीच निघाले. मी सूचना वाचणारी बाई आहे. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, लिफ्टमधली पाटी, कुकरच्या झाकणावरची बारीक अक्षरं, काही सोडत नाही. द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात मी ॲडमिन बघते आणि तिथली आगीची सगळी व्यवस्था माझ्याच गळ्यात आहे. आग विझवायचे लाल सिलिंडर वेळेवर भरून आणायचे, जिन्यात कुणाला खोकी रचू द्यायची नाहीत, आणि दर तीन महिन्यांनी चाळीस माणसांना उन्हात उभं करून आग लागली तर काय करायचं ते ओरडून शिकवायचं. माझ्या पाठीमागे तिथे मला फायर ब्रिगेड म्हणतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

अशा बाईच्या हातून गेल्या वर्षीच्या पौषात तिच्या सासऱ्यांचा हात भाजला. चूक माझी होती. घरात, गावात, सोसायटीत सगळ्यांनी ती आबांची धरली, आणि वर्षभर मी ती त्यांच्याच माथ्यावर राहू दिली. हे आधीच सांगून टाकते, कारण हळूहळू सांगायला गेले तर मध्येच मी स्वतःची बाजू घेऊन बसेन. माझा स्वभावच तसा आहे.

आबा म्हणजे माझे सासरे. चिरनेरच्या अलीकडच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर भातशेती केली, मिठागरावर राबले. आता त्या जमिनीवर कंटेनर एकावर एक रचलेले असतात. सासूबाई गेल्यावर नवऱ्याने त्यांना पनवेलला आमच्याकडे आणलं. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि त्याला लागून गच्ची आहे. ती बघून आबा म्हणाले होते, "हितं पोपटी लागंल." फ्लॅटमधलं बाकी काहीच त्यांना पसंत पडलं नव्हतं.

मी पुण्याची. लग्न होईपर्यंत पोपटी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या सासरच्या भागात ती लावतात. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये अंडी, बटाटे, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. वरून परत पाला ठासून भरायचा, म्हणजे मडक्याचं तोंड बंद. मग ते मडकं जमिनीवर पालथं घालायचं, भोवती पेंढा आणि गवऱ्या रचायच्या, मडकं दिसेनासं झालं पाहिजे. एवढं सगळं झाकून झालं की शेवटी काडी लावायची. ती काडी कुणी लावायची हेही ठरलेलं असतं. आमच्या गावात आबांनी लावायची. त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसं असतानाही आबाच लावायचे, कारण त्यांच्या हातची पोपटी कधी करपली नाही की कच्ची राहिली नाही, असं गाव म्हणतं. मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारून ते चर्र आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून जरा." किंवा म्हणायचे, "काढा." घड्याळ त्यांनी कधी पाहिलं नाही.

गच्चीवर पहिल्या वर्षी त्यांनी लोखंडी घमेल्यात पेंढा पेटवला. धूर शेजारच्या विंगेत गेला आणि दहाव्या मिनिटाला सोसायटीचे सेक्रेटरी दारात. ते बिचारे सभ्यपणे बोलले. पण आबा आत जाऊन बसले ते जेवायला बाहेर आले नाहीत. पोपटी अर्धवट राहिली. मलाच वाईट वाटलं. म्हणून नवऱ्याच्या ऑफिसातले एक साहेब परदेशी निघाले आणि त्यांचा बार्बेक्यू कुणाला हवा का म्हणून विचारू लागले, तेव्हा मीच म्हटलं, आणा. धूर नाही, राख नाही, ठिणग्या उडत नाहीत. माझ्या शिस्तीत बसणारी आग.

चार पायांवर उभी, लांबट लोखंडी पेटी. खाली गॅसचे तीन बर्नर, पुढे तीन बटणं, वर ट्रंकेसारखं झाकण. आबा तिला पेटीच म्हणायचे. मी पुस्तिका वाचून काढली आणि एका पुठ्ठ्यावर मराठीत सगळं उतरवून गच्चीच्या दाराला लावलं. नळीला साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा दिसला तर नळी बाद. सिलिंडर उभाच ठेवायचा. डोक्यावर कपडे वाळत नकोत, पेटी भिंतीला चिकटून नको. खालचा चरबीचा ट्रे प्रत्येक वेळी घासायचा. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडर बंद, मग बटणं. आणि सगळ्यात वर लाल अक्षरांत: झाकण उघडल्याशिवाय पेटवायचं नाही. झाकण बंद असताना गॅस आत साठतो. एखादं बटण फिरवून लगेच पेटलं नाही तर बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं. त्याखाली आणखी एक ओळ होती: बटणांना माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

ही शेवटची ओळ पुस्तिकेत नव्हती. ती माझी.

आबांनी तो पुठ्ठा चष्मा लावून वाचला. "म्हंजे उघडा ठेवून पेटवायचा?" त्यांनी विचारलं. "आमी झाकून पेटवतो. ह्ये उलटाच हाय."

"आबा, गॅस आहे हा. पेंढा नव्हे."

"मंग मी काय करू?"

त्यांनी ते साधेपणाने विचारलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही पेटवायचं. बटण मी फिरवीन, लायटर तुम्ही लावायचा. पेटवायचा मान तुमचाच." ते हसले. तेव्हापासून आमची ती पद्धतच पडली. मी झाकण उघडायची, बटण फिरवायची आणि हाक मारायची, "आबा, पेटवा!" आबा लांब दांड्याचा लायटर घेऊन तयार असायचे. मका झाला, पापलेट झाले, मुलीच्या मैत्रिणींसाठी पनीर झालं. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. ती या सगळ्याचे व्हिडिओ काढायची आणि म्हणायची, "आई, तू विमान उडवत असल्यासारखी उभी राहतेस."

मग पौष लागला. मार्गशीर्षातले गुरुवार संपले होते, गावाहून शेंगा आल्या होत्या, आणि आबा म्हणाले की पेटीत पोपटी लावून बघू. रविवारची दुपार होती. बाजारातून मडकं आणलं, पाला गावाहून आलाच होता. आबांनी मडकं भरलं. मी पेटीचं झाकण उघडलं, नवऱ्याने मडकं जाळीवर पालथं घातलं आणि तो गाडी धुवायला खाली गेला. मुलगी तिच्या खोलीत. आबा उरलेला पाला आत ठेवायला गेले. मी मधलं बटण फिरवलं आणि हाक मारली, "आबा, पेटवा!"

हाक आधी मारायला हवी होती आणि बटण नंतर फिरवायला हवं होतं. पण इतक्या दिवसांत ते हाकेसरशी हजर असायचे, म्हणून मला सवय झाली होती. त्या दिवशी ते आत पाला ओल्या फडक्यात गुंडाळत बसले, आणि तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. गोदामाचा सिक्युरिटीवाला. दुसऱ्या दिवशी आगीची रंगीत तालीम होती आणि त्याला पाण्याच्या पाइपाच्या पेटीची किल्ली सापडत नव्हती. मी त्याच्यावर भडकले. भडकत भडकतच आत निघाले, कारण गच्चीवर आवाज तुटतो. कठड्यावर दोन कावळे बसले होते आणि बाजूच्या फळीवर मसाला लावलेली थोडी कोंबडी उरली होती. ती मी उचलून पेटीत मडक्याशेजारी ठेवली आणि झाकण ओढलं. उघडं टाकून उठायचं नाही, ही माझ्या आईने लावलेली सवय. दुधाचं पातेलं असो, पिठाचा डबा असो, हात आपोआप झाकणाकडे जातो. डाव्या हातात मोबाइल, उजव्या हाताने झाकण. बटणासाठी तिसरा हात नव्हता.

किल्ली कुठे आहे ते त्या माणसाला समजावून सांगायला मला पाच-सहा मिनिटं लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण लहानपणापासून ऐकत आले, ती कुणासाठी केली होती ते त्या दिवशी कळलं.

आवाज झाला तो काही फार मोठा नव्हता. पलंगावर जाड गादी आपटावी तसा. मग मडकं फुटल्याचा. मी धावत गेले तर झाकण मागे उलटलेलं, आबा दोन पावलं मागे कठड्याला टेकून उभे, भुवया गेलेल्या, आणि उजवा हात पुढे धरलेला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. काडी किंवा लायटर घालायला पेटीच्या बगलेला एक भोक असतं, तिथून त्यांनी लायटर लावला होता. पेटीच्या तळाशी जाळ अजून होता. मी सिलिंडर बंद केला. मग बटण बंद केलं. ते पूर्ण उघडं होतं. मी ते पाहिलं, आणि बंद करताना मला ठाऊक होतं की हे मी पाहिलंय.

नंतरचं सगळं मी अगदी बिनचूक केलं. आबांचा हात नळाखाली धरला, वीस मिनिटं मोजून. बर्फ लावू दिला नाही, टूथपेस्ट लावू दिली नाही, बोटातली अंगठी सूज यायच्या आधी काढली. नवरा धावत वर आला. त्याने विचारलं, "कोनी लावला?"

आबा म्हणाले, "मी लावला."

"झाकन उघडलेला?"

"नाय."

"कितींदा सांगितला तुमाला, आबा! दारावर लिवून ठेवलाय तिनं! लाल अक्षरांत लिवलाय!" त्याचा आवाज फाटला होता. घाबरला की तो ओरडतो. मी नळाचं पाणी बघत राहिले. तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "आधी गाडी काढ."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नवऱ्याने तेच सांगितलं, आणि मी मान हलवली. ती मान मला अजून आठवते. पहिल्या दिवशी वाटलं, आबांना त्रास होतोय, आता कशाला. चौथ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं ते आधी सांगावं लागेल. मग गावाची माणसं भेटायला येऊ लागली. एक म्हातारे काका म्हणाले, "आक्ख्या गावाची पोपटी लावनारा माणूस, आनि दोन बोटांनी फिरवायच्या गॅसनं भाजला!" आबाही हसले आणि म्हणाले, "म्हातारपन." ते म्हातारपण म्हणाले तेव्हा मी चहा ओतत होते. तो ओतून मी त्या काकांना दिला.

मी स्वतःला समजवायचे. बटण माझं, मान्य, पण झाकण बंद असताना त्यांनी लावायला नको होतं ना? पुठ्ठा वाचला होता ना? ऑफिसात अपघाताचा रिपोर्ट लिहिताना एक ओळ असते, मूळ कारण. मनात मी तो रिपोर्ट शंभर वेळा लिहिला, आणि दर वेळी त्या ओळीत पेन थांबायचं. झाकण तरी कुणी ओढलं होतं?

पट्ट्या निघाल्या, कातडी आली, भुवयाही आल्या, पांढऱ्या. आणि घरात नवे नियम आले. ते नवऱ्याने केले, प्रेमापोटीच केले. बार्बेक्यूवर प्लास्टिक टाकून तो कोपऱ्यात ढकलला. काडेपेट्या वरच्या कपाटात गेल्या. आबा पहाटे उठून स्वतःचा कोरा चहा करायचे. आता तो मी रात्रीच करून थर्मासमध्ये भरून ठेवायची, आणि स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडरपाशी बंद करून झोपायची. देवापुढचा दिवा संध्याकाळी आबा लावायचे, सासूबाई गेल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. नवऱ्याने विजेचा दिवा आणला. लाल काचेची ज्योत, बटण दाबलं की लुकलुकते. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्याला वात कुटं हाय?" दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी ते बटण दाबायचे, आणि हात जोडल्यासारखे करून लगेच उठायचे. आधी ते तिथे बराच वेळ बसायचे.

मी बघत होते. बघूनही बोलले नाही, हे माझ्या नावावर लिहा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी नुसतं "गॅस" म्हटलं तरी माझे कान टवकारायचे. आबांच्या समोर मी जास्त वेळ बसेनाशी झाले. आबांचं मी सगळं करायचे, खरं तर आधीपेक्षा जास्तच. त्यांच्या आवडीची सुकटीची चटणी, ऊन पाणी, नवी चप्पल. फक्त त्यांच्या हाताकडे बघायची नाही. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. मनात कुठेतरी नोंदलं आणि पुढे गेले.

मग पुन्हा पौष आला. या वेळी माझ्या चुलत दिराने गावाला बोलावलं. त्याच्या घरामागे थोडी जागा उरली आहे, पलीकडे कंटेनरची भिंत, अलीकडे दोन आंबे. ऊन उतरलं होतं. पंधरा-वीस माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, मडकं पालथं घालून झालेलं, पेंढा रचून झालेला. दिराने खिशातून काडेपेटी काढली आणि आबांपुढे धरली. "काका, लावा."

आबा खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी स्वेटरच्या खिशात दोन्ही हात घातलेले होते. तेवढ्यात माझा नवरा हसत पुढे झाला आणि त्याने ती काडेपेटी दिराच्या हातातून काढून घेतली. "आबांच्या हातात नको रे बाबा! गेल्या वर्साचा इसरलास काय?"

सगळे हसले. वाईट मनाने कुणीच हसलं नाही. आबाही हसले. पण हसताना त्यांनी पेंढ्याकडे पाहिलं नाही, कंटेनरच्या भिंतीकडे पाहिलं, जिथे त्यांचं भात उभं असायचं. ते मला सहन झालं नाही. इतके दिवस सहन झालं आणि ते झालं नाही, याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही.

"बटण मी उघडं ठेवलं होतं," मी म्हटलं.

कुणाला कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतेय. मला परत सांगावं लागलं, आणि मोठ्याने सांगावं लागलं. "गेल्या वर्षी. बटण मी फिरवलं, आबांना हाक मारली, आणि फोन आला म्हणून झाकण लावून आत गेले. गॅस तसाच सुरू होता. आबांनी बटणाला हात लावला नव्हता. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मुलगी म्हणाली, "आई?" एवढंच. नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात काडेपेटी होती आणि तो ती नुसती फिरवत होता. त्याचं तोंड मी कधी असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

आबाच बोलले. "मना म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"आवाज येत व्हता ना गॅसचा. मी काय बहिरा हाय काय, बाय?"

"मग तुम्ही बटण बंद का नाही केलं?" मी जवळजवळ ओरडलेच. माझा राग असा, नको तिथे फुटतो.

"तू बोललीस ना, बटनाला कोनी हात लावायचा नाय." ते अगदी शांतपणे म्हणाले. "बटन तू फिरवलेला, झाकन तू लावलेला, हाक तूच मारलेली. मना वाटला, बाय आज पोपटी हाय म्हनून झाकून ठेवून गेली. आमची रीत ध्यानात ठेवली तिनं. मना बरा वाटला."

त्या पाच-सहा मिनिटांचं मी वर्षभर शंभर प्रकारे गणित मांडलं होतं. त्यात आबा आनंदात होते, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवून, खुशीत, त्यांनी त्या भोकात लायटर घातला होता.

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?" नवऱ्याने विचारलं.

"सांगून काय? तिचा काम आगीचा. ऑफिसात लोक काय बोलले असते?"

मी नवऱ्याच्या हातातून काडेपेटी घेतली. आबांपुढे धरली. "आबा, पेटवा," मी म्हटलं. तशी हाक मी वर्षभरात मारली नव्हती.

त्यांनी खिशातून उजवा हात काढला. डाव्या हाताने काडेपेटी धरली, उजव्याने काडी काढायला गेले. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपर्यंत पोचत नव्हतं. मधली कातडी चकचकीत, घट्ट ताणलेली, आणि अंगठा तळहाताकडे वळलेला. काडी निसटून मातीत पडली. दुसरी काढली, तीही पडली.

"नाय व्हत," ते म्हणाले. "लय दिवस झाले. काडीच कोनी दिली नाय, मंग कलनार कसा?" आणि माझ्याकडे बघून, समजूत घातल्यासारखं, "कप डाव्या हातानं धरतो ना मी. तू बघितलाच असशील."

बघितला होता.

"तू लाव," ते म्हणाले. "वाऱ्याकडं पाठ कर. खालून लाव, वरून नको." चाळीस माणसांना आग विझवायला शिकवणाऱ्या मला पेंढा कसा पेटवतात ते माहीत नव्हतं. तीन काड्या गेल्या. चौथीला पेटलं. जाळ खाली बसल्यावर आबांनी खुर्चीत बसूनच पाण्याचा शिंतोडा मारायला सांगितला, आवाज ऐकला, आणि म्हणाले, "काढा." पोपटी चांगली झाली होती म्हणे. मला चव आठवत नाही. नवरा नंतर पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्या आठवड्यात मी आबांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात उलटा केला, अंगठा हलवून पाहिला आणि विचारलं, "व्यायाम कधी बंद केले?"

"कुठले व्यायाम?" मी विचारलं.

त्यांनी आमची जुनी फाइल मागितली. ती मी कपाटातून काढून तशीच आणली होती. तिच्यात सगळ्यात मागे एक कागद होता, घरी जाताना दिलेला. त्यावर हाताची चित्रं होती. अंगठा असा ताणायचा, मूठ अशी उघडायची, चेंडू असा दाबायचा, दिवसातून इतक्या वेळा, कातडी आवळू नये म्हणून, पहिले काही महिने न चुकता. घरातल्या माणसाने रुग्णाचा हात हातात घेऊन करून घ्यायचं, असं खाली ठळक अक्षरांत छापलं होतं. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा न सोडणारी मी. तो एक कागद मी वाचला नव्हता. तो वाचला असता तर मला त्यांचा हात हातात घ्यावा लागला असता.

"तेव्हा केलं असतं तर हा अंगठा असा राहिला नसता," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत. त्यांना कुणावर रागवायचं ते माहीत नव्हतं. आता ऑपरेशनचं बघता येईल, व्यायामाने थोडंफार सुटेल, पूर्ण होईल असं सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. आबांनी ऑपरेशनला नकार दिला. म्हणाले, "ज्येवायला येतो की."

आता रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की मी त्यांचा हात हातात घेऊन बसते. खोबरेल लावते, अंगठा ताणते. त्यांना दुखतं, ते बोलत नाहीत. दुखतंय का विचारलं तर टीव्हीचा आवाज वाढवतात. विजेचा दिवा मी काढून ठेवला आणि समई घासून पुन्हा मांडली, वात घातली, तेल घातलं, शेजारी काडेपेटी ठेवली. दाराचा पुठ्ठा मी काढला नाही. फक्त माझी ती शेवटची ओळ खोडली.

काल संध्याकाळी आबांनी काडी काढली, ती पडली. दुसरी पडली. तिसरी बोटांत धरली गेली, पण ओढताना वाकडी झाली. माझा हात आपोआप पुढे गेला.

"बाजूला उबी रा," आबा म्हणाले. "तुजा हात लावायचा नाय."

मी बाजूला उभी राहिले. समई पेटली नव्हती. आबांनी चौथी काडी काढली.